बोटांचं चामडं

दसऱ्याच्या दुपारी पूजेचा पाट पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि त्यांच्याशेजारी झेंडूचा हार घातलेलं माझं बांबूचं धनुष्य. त्याच्यापुढे हळदीकुंकू लावून ठेवलेलं माझं बोटांचं चामडं. हातात घेतलं, तर पापडासारखं कडक.

दोरी ओढताना तीन बोटांवर बकऱ्याच्या मऊ चामड्याचा तुकडा लागतो, नाहीतर दोरी बोटं सोलून काढते. शहापूरला चपला शिवणाऱ्या टिकारामकडून मी असे चार तुकडे करून घेतले होते. तीन जाडजूड निघाले, टाकून दिले. चौथा चार महिन्यांच्या सरावानं कुठं बोटांवर बसला होता. आणि उद्या भंडाऱ्यात जिल्ह्याच्या तिरंदाजी संघाची निवड होती, जागा एकच. माझं वय चौतीस. शाळेतून आता पुन्हा रजा मिळणार नाही, हे हेडमास्तरांनी सांगूनच टाकलं होतं.

"रुखमे! हे काय करून ठेवलं तू?"

बायको चुलीपासून उठून आली. "धुतलं. घामानं किती काळं झालं होतं! धुतल्याबिगर पूजेत ठेवता येते का? सोड्यानं घासलं अन् चुलीच्या काठावर वाळवलं."

"पण तुले पूजेत ठेवाले सांगतलं कोणं?"

"तुमीच! मागच्या दसऱ्याले दोन दिवस बोलले नाही माह्याशी. म्हणे, विळ्याले कुंकू लावतेस, मंग माह्या धनुष्याले काहून नाही?"

ते खरं होतं, म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडलो आणि ते चामडं अंगणात भिरकावलं.

सकाळी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून नेला. पण रबर दोरीला धरून ठेवतं, सुटू देत नाही. पहिले तीन बाण भलतीकडेच गेले. चिडून तो तुकडा फेकला आणि उघड्या बोटांनी मारू लागलो. विसाव्या बाणाला फोड आले, पंचविसाव्याला फुटले. शेवटी शेवटी तर दोरी पूर्ण ओढायच्या आधीच बोटं घाबरायची आणि बाण लवकर सुटायचा. आसगावच्या भोजराजची निवड झाली. मी चार गुणांनी राहिलो. फक्त चार!

परतीच्या एस.टी.त रुखमाला काय काय सुनावायचं ते मी मनात जुळवत होतो. चांगलं लांबलचक जुळवलं.

घरी आलो तर ती ओसरीवर बसलेली. शेजारी तिळाच्या तेलाची वाटी, हातात ते चामडं. सकाळपासून चोळत होती म्हणे. तिचे अंगठे लाल झाले होते.

"पाहा ना, पयल्यासारखं मऊ झालं. घालून पाहा."

खरंच मऊ झालं होतं. पहिल्यापेक्षाही मऊ. मला आणखीच संताप आला.

"झाली निवड?"

"नाही."

तिनं खाली पाहिलं. "माह्याच्यानं?"

मागच्या दसऱ्याला रुसून बसलेला मीच होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. रबर घेऊन जाणाराही मीच.

"हो," मी म्हणालो.

माझा हात ओढून तिनं बोटं पाहिली, चामडं बाजूला ठेवलं आणि वाटीतलं उरलेलं तेल हळूहळू त्या सोललेल्या बोटांना लावू लागली. मला स्वतःची लाज वाटत होती. तरी ती तेल लावून उठेपर्यंत माझ्या तोंडून 'नाही, तुह्याच्यानं नाही' हे काही निघालं नाही.