गुरुवारचे कागद

"त्या बाईचं नाव माझ्या घरात काढायचं नसतं, हे तुझ्या आजोबांनी तुला सांगितलं नाही वाटतं?"

निमतने मान वर केली नाही. मांडीवरच्या परातीत मुलूखियाची भाजी होती आणि ती एकेक पान खुडत होती. समोर बसलेली शेरीन तिच्या चुलतभावाची, हाज मुतवल्लीची, नात. मन्सूऱ्याला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि त्या वयाच्या पोरींना असतं तेवढं धाडस तिच्याकडे भरपूर होतं.

"सांगितलं ना. म्हणाले, अब्ला निमत तुला चहासुद्धा विचारणार नाही."

"चहा ठेवलाय. उकळला की ओतून घे."

शेरीन हसली, पण उठली नाही. गावात सगळेच निमतला अब्ला, म्हणजे ताई, म्हणत. तिच्या पायाशी एक पत्र्याची पेटी होती. त्यांच्या मीत गमर गावात भांड्यांचे कारखाने गल्लोगल्ली, त्यामुळे पेटीही अ‍ॅल्युमिनियमचीच, कोपरे चेपलेली. ती बाई गेल्यापासून हाजच्या गोदामात जुन्या पातेल्यांच्या ढिगाखाली तीस वर्षं पडून होती म्हणे.

प्रकरण असं होतं. त्यांच्या शलबी घराण्याच्या कबरींची डागडुजी निघाली होती. पुरुषांना पुरायची खोली वेगळी, बायकांची वेगळी, आणि दोन्ही दारांवर नव्या संगमरवरी पाट्या बसायच्या होत्या. पुरुषांच्या पाटीची अडचण नव्हती. बायकांच्या पाटीवर रिवाजाप्रमाणे अमक्याची पत्नी, तमक्याची आई अशी रांग लावायची होती, आणि त्या रांगेत बहीगा कुठे बसवायची हे कुणाला कळेना. बहीगा म्हणजे निमतच्या वडिलांची थोरली बहीण. ती कुणाची पत्नी नव्हती आणि कुणाची आईही नव्हती. शेरीनने हट्ट धरला, डॉक्टर बहीगा शलबी असं सरळ लिहा. हाज म्हणाला, डॉक्टर कुठली, सुईण होती ती. आणि असली डॉक्टर तरी निमतची आई तिच्याच हातून गेली. ती माउली त्याच खोलीत निजलीय. निमतने हो म्हटलं तर लिहू, नाहीतर त्या बाईचं नाव पाटीवर येणार नाही.

"म्हणजे घोंगडं माझ्या गळ्यात," निमत म्हणाली. "हाज लहानपणापासून असाच. भांडण झालं की माझ्यामागे लपायचा."

"तुम्ही नुसतं हो म्हणायचंय, अब्ला."

"नुसतं?"

निमतचं वय सहासष्ट. लग्न केलं नाही. एकोणचाळीस वर्षं गावच्या आरोग्य कचेरीत जन्मनोंदणीच्या खिडकीवर बसली. या गावातला निम्मा माणूस तिच्या शिक्क्याखालून जगात आला, असं ती स्वतःच म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. आई तिला ठाऊक नव्हती. आजीने मात्र लहानपणापासून घोकून घेतलं होतं: तुझ्या आईला बहीगाने कापलं. विलायतेत शिकून आली, सुरी घेऊन आली, आणि पहिली सुरी घरच्याच सुनेवर चालवली. रस्त्यात बहीगा दिसली की आजी निमतला पलीकडच्या फुटपाथवर ओढायची. पुढे आजी गेली आणि निमत आपणहून पलीकडे जाऊ लागली. वडील या विषयावर कधी चकार शब्द बोलले नाहीत. निमतला वाटायचं, दुःखामुळे बोलत नसतील.

शेरीनने पेटी उघडली. वर एक गुंडाळी होती, इंग्रजीतलं प्रमाणपत्र, लंडन, सन एकोणीसशे एकोणतीस.

"बघा. सुईण म्हणे. त्या वर्षी अख्ख्या जिल्ह्यात अशा किती बायका असतील, अब्ला? आणि आपल्या घरातल्या जन्मांच्या वहीत काय लिहिलंय माहितीये? मी आजोबांकडून मागून पाहिली. पुत्र इब्राहिम. पुत्र अब्दुर्रहमान. आणि सन चारमध्ये नुसतं 'मुलगी'. नावसुद्धा नाही."

"मग त्यात काय. बत्तीस सालात मीही 'मुलगी'च आहे. त्या वहीत बायकांना नावं नसतात."

"पण हिच्या वहीत आहेत." शेरीनने काळ्या पुठ्ठ्याची जाड वही काढली. "हिने केलेली सगळी बाळंतपणं यात आहेत. प्रत्येक बाईचं नाव, तिच्या बापाचं, आजाचं नाव. फक्त अक्षर असलं भयंकर आहे, मला अर्धंसुद्धा लागत नाही. तुम्हाला डॉक्टरांची अक्षरं लागतात म्हणून आणलं."

निमतने झग्याला हात पुसले. वही घेणार नव्हती, पण कारकुनाचे हात ते. समोर कागद आला की हात आपोआप पुढे जातात.

अक्षर तिला न लागायचा प्रश्नच नव्हता. ते तिने सोळा वर्षं पाहिलं होतं. नियम साधा होता: बाळंतपण करणाऱ्याने दाखला लिहून द्यायचा आणि मुलाच्या बापाने तो पंधरा दिवसांत खिडकीवर आणून द्यायचा. बाकीच्या डॉक्टरांचे दाखले बापच आणत. बहीगाचे दाखले दर गुरुवारी सकाळी बहीगा स्वतः घेऊन येई. करडा कोट, हातात कातडी पिशवी, आठवड्याचे कागद नीट घडी घातलेले. खिडकीशी उभी राहून सकाळचा सलाम करायची, "सबाह अल-खैर, निमत." शत्रूने जरी हे म्हटलं तरी "सबाह अन्-नूर" म्हणून उत्तर द्यायचं, एवढी तर गावच्या गाढवांनाही अक्कल. निमत म्हणायची, "तिथे ठेवा." शिक्के मारायची, पावती सरकवायची. सोळा वर्षांत एकदाही मान वर केली नाही. एकदा बहीगाने विचारलं होतं, "चष्मा लागला का ग?" निमतने पुढच्या माणसाला हाक मारली. एकदा पेरूंची पिशवी ठेवून गेली, तीही निमतने शिपायाला देऊन टाकली. मग एका गुरुवारी कागद आले नाहीत, आणि कुणीतरी सांगितलं, डॉक्टरीणबाई गेल्या. निमतला त्या दिवशी जरा मोकळं वाटलं होतं. खोटं कशाला बोला.

"वाच म्हणतेस तर वाचते," ती म्हणाली. "कुठून वाचू?"

"कुठूनही."

ती खिडकीवरच्या कोरड्या आवाजात वाचत गेली. फलाणी बिन्त फलाणा, फलाण्याची लेक, वय अमुक, मुलगा, सुखरूप. फलाणी बिन्त फलाणा, जुळे, एक गेलं. शेरीन कान टवकारून ऐकत होती, मधूनच आपल्या वहीत टिपत होती. चहा उकळून उतू गेला तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"शुक्रवार, अकरा मार्च, बत्तीस," निमतने वाचलं. "समीहा बिन्त युसुफ खलील. वय एकोणीस."

ती थांबली.

"अब्ला? हे तर..."

"गप बस."

ती पुढे वाचत राहिली. आवाज तोच, कोरडा. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"माझ्या भावाची, अब्दुर्रहमानची पत्नी. कळा मंगळवारी पहाटेपासून. मला निरोप आज जुम्म्याच्या नमाजानंतर. मूल आडवं. सुईणीने दोन दिवस ओढाताण केलेली. मन्सूऱ्याच्या इस्पितळात न्या म्हटलं. अब्दुर्रहमान म्हणाला, परका पुरुष तिला बघणार नाही. मग इथेच मूल काढते, अजून वेळ आहे, असं म्हटलं. नाही म्हणाला. घराण्यात कुणाचं पोट फाडलेलं नाही, म्हणाला. धाकट्या भावाच्या हाताचं चुंबन घेतलं. दाराशी दोन तास उभी होते. तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजाच्या वेळी समीहाची नाडी लागेना, तेव्हा दार उघडलं, म्हणाला, आता तुला काय करायचं ते कर. मुलगी. जिवंत. समीहा मगरिबच्या, सूर्यास्ताच्या आत गेली."

शेरीन तिच्या खांद्यावरून वहीत डोकावली.

"पुढे आहे का काही?"

"आहे. दोन ओळी." निमतने चष्मा काढला, पुन्हा लावला. "मुलीचं नाव कुणी विचारलं नाही. दाखल्यावर नाव लागतं. मी निमत लिहिलं."

खालच्या गल्लीत पत्रा ठोकण्याचा आवाज चालू होता. शेरीन काहीतरी बोलायला गेली, पण निमतने हाताने थांबवलं. तिला वडील आठवत होते. शेवटची अकरा वर्षं ते अंथरुणावर होते आणि तिने त्यांचं सगळं केलं, हागणं-मुतणंसुद्धा. शेवटी शेवटी ते तिचा हात धरून म्हणायचे, माफ कर पोरी. ती म्हणायची, बाबा, यात माफी कसली, मुलीने नाही करायचं तर कुणी करायचं. तिला वाटायचं, ते त्या त्रासाबद्दल बोलतायत.

त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं, हे तिला आता कळलं. आजी सांगायची, आणि ते बसून ऐकायचे. तेवढंच. आणि जिला खरं काय ते माहीत होतं, ती सोळा वर्षं खिडकीशी येऊन उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. पोरगी बापाजवळ राहते, बापच तेवढा आहे तिला, मग तोही कशाला हिरावून घ्या, असंच तिने ठरवलं असणार. दुसरं काही कारण निमतला सुचेना.

"शेरीन," ती म्हणाली, "दाखले आणायचे ते मुलाच्या बापाने. कायद्यात तसंच आहे."

"हो. मग?"

"मग ती का आणत होती ग, स्वतः? तेही दर गुरुवारी?"

उत्तर निमतला माहीत होतं, म्हणूनच ती विचारत होती. मग ती रडली. अब्ला रडू शकते हे शेरीनला ठाऊक नव्हतं. ती घाबरून उठली आणि उतू गेलेला चहा पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निमत हाजच्या दुकानात गेली. हाज मुतवल्ली पातेल्यांच्या उतरंडीमागे बसला होता. त्याने वही वाचली, म्हणजे तिने वाचून दाखवली आणि तो ऐकत बसला.

"हे खरं असलं तरी," तो म्हणाला, "मेलेल्यांची हाडं कशाला उकरायची, निमत? काकांचं नाव जाईल."

"बाबांचं नाव तिकडे पुरुषांच्या पाटीवर आहे. ते कोण पुसतंय? मीही नाही पुसणार. माझे बाबा होते ते."

"मग?"

"मग तिचं घाल. डॉक्टर बहीगा."

"हकीमबाई लिहू का? जरा जुन्या वळणाचं, भारदस्त वाटतं."

"मुतवल्ली." तो हज करून आल्यापासून तिने त्याला हाज न म्हणता हाक मारण्याची ही पहिलीच वेळ. "लंडनचा कागद आहे. डॉक्टर लिही. आणि माझ्या आईचं नावही लिही. अब्दुर्रहमानची पत्नी नाही. समीहा युसुफ खलील."

"अगं, बायकांची नावं अशी चव्हाट्यावर..."

"कबरीवर कोण येतंय बघायला? आपणच. आणि तुला तुझ्याच आईचं नाव घ्यायची लाज वाटते, तर मेल्यावर तिच्यासमोर कुठल्या तोंडाने जाशील ते बघ."

हाजने कागद आणि पेन्सिल पुढे केली. "पाथरवट जे लिहून दिलं तेच कोरतो. तूच लिही. तुझं अक्षर बरं आहे."

तिने लिहिलं. नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, जन्म, मृत्यू. धंद्याच्या जागी डॉक्टर. दाखल्यावर लिहायची तसंच, एकही अक्षर दुसऱ्याला चिकटलेलं नाही. मग सवयीने उजव्या कोपऱ्यात शिक्क्याची जागा सोडली, आणि ते लक्षात आलं तरी ती तशीच रिकामी ठेवली.

पाटी बसायला तीन आठवडे लागले. बसली त्या आठवड्यातल्या गुरुवारी निमत पेरूंची पिशवी घेऊन कब्रस्तानात गेली. गुरुवारी तिथे सगळेच येतात, कुराण वाचणारे, रोट्या वाटणाऱ्या बायका, भीक मागणारे. तिने पेरू वाटले. एक ठेवून घेतला. राखणदाराची बायको जवळ येऊन पाटी बघायला लागली, तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने विचारलं, "कोण या, अब्ला?"

"ही माझी आई. आणि ही आत्या. डॉक्टर होती."

"तुमची आत्या डॉक्टर होती? आम्हाला कधी बोलला नाहीत."

"नाही बोलले."

ती बाई गेली. निमत दगडाच्या ओट्यावर टेकली. संगमरवराची पांढरी भुकटी अजून अक्षरांच्या खाचांत होती, ती तिने बोटाने झाडली. आईच्या नावातली झाडली, मग आत्याच्या. पेरू पाटीखाली ठेवला.

"सबाह अन्-नूर, आत्या," ती म्हणाली.

दुपारचे तीन वाजून गेले होते.