आमसुलाचं पितळ

"या अल्ला!" कादिरने हातमोजा घातलेला हात टबातून बाहेर काढला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. काल संध्याकाळी भिजत घातल्या तेव्हा पुंगळ्या चांदीसारख्या चमकत होत्या. आज त्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या आणि काहींवर चक्क गंज धरला होता. हे व्हायचं ते आजच, बायको रुकय्या क्लबवर येणार त्याच दिवशी!

ताइफबाहेरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या नेमबाजी क्लबात कादिर कामाला होता. नेमबाजांनी उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या झाडून गोळा करायच्या, धुवायच्या, सुकवायच्या आणि वर्कशॉपमध्ये नेऊन द्यायच्या. तिथे त्या पुन्हा भरल्या जात. कामाला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं, पण कादिरने स्वतःच त्याला भलतं नाव देऊन ठेवलं होतं. पहिल्या सुट्टीत हर्णैला गेला असताना मशिदीबाहेर कुणीतरी विचारलं, "सौदीत काय करतोस?" आणि याच्या तोंडून निसटलं, "दारूगोळ्याचा इनचार्ज." संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. लग्नकार्यात रुकय्याला पुढच्या खुर्चीवर बसवू लागले. आता खरं सांगायचं तर कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसरी थाप आमसुलांची. आमसुलाने पितळ कसं लखलखतं ते त्याने लहानपणी आईच्या मोरीत पाहिलं होतं. क्लबने दिलेल्या पावडरीवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. म्हणून फोनवर तो रुकय्याला सांगायचा, "सोलकढीबिगर घास उतरत नाय गो." ती बिचारी दर उन्हाळ्यात गच्चीवर रातांबे फोडायची, सालं रसात बुडवून बुडवून वाळवायची आणि आमसुलांची पिशवी नदीमबरोबर पाठवून द्यायची. नदीम क्लबचा ड्रायव्हर, गावचाच, कादिरच्याच खोलीत राहणारा. त्याला सगळं ठाऊक होतं, पण मित्राखातर तो तोंड मिटून होता. सगळी आमसुलं टबात जात. कादिरने कित्येक वर्षांत सोलकढीचा घोटही घेतला नव्हता.

आणि आता रुकय्या व्हिजिटवर आली होती. मक्केला जाऊन उमरा झाला, ताइफची गुलाबांची शेतं पाहून झाली, आणि कालपासून तिने एकच धोशा लावला होता. "तुमचं हाफिस बगायचंय." आज क्लबचा फॅमिली डे होता, त्यामुळे नाही म्हणायला जागाच नव्हती.

कादिरची सगळी आशा त्या नव्या पुंगळ्यांवर होती. पितळ महागलं होतं, वेळेवर मिळतही नव्हतं. म्हणून मॅनेजर अदनानसाहेबांनी दुसऱ्या कसल्याशा धातूची काडतुसं मागवून पाहिली होती. साहेब सौदी, पण कामगारांशी बोलून बोलून त्यांना हिंदी चांगली यायला लागली होती. ते म्हणाले होते, "नया वाला पास हुआ तो टब खलास. तुमको काउंटरपर बिठाऊंगा." काउंटर! इस्त्रीचा शर्ट, छातीवर नावाचा बिल्ला! टबाशिवाय त्याला करमलं नसतं, पण बायकोसमोर अब्रू तर राहिली असती.

काल साहेबांनी त्या नव्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी त्याच्या हाती दिली. "इनको अलग रखो. कल कमिटी को दिखाना है."

दाखवायच्या म्हणजे चमकायला हव्यात. त्यांची पांढरी झळाळी पाहून कादिरने ठरवून टाकलं, दुसरा धातू कसला, हे पितळच आहे, वरून कल्हई केलीय. कल्हईचं पितळ काय त्याला नवीन होतं? त्याने मूठभर जास्तच आमसुलं टाकली आणि निवांत झोपायला गेला.

आता तो टबापाशी डोकं धरून बसला होता, तेवढ्यात अदनानसाहेब आले.

"कादिर, हादा इश? ये क्या किया?"

"साब, कल्हई उतर गयी."

"कौनसी कल्हई? ये स्टील है! ऊपर जस्त का पतला पानी था. तुमने खटाई में डाल दिया?" साहेब एक पुंगळी बोटांत फिरवून पाहू लागले आणि त्यांना हसू आवरेना. "ये एक बार चलाओ और फेंको. धोने को किसने बोला?"

"साब, कमिटी..."

"कमिटी के लिए दूसरी है मेरे पास. और टीमवालों ने कल ही बोल दिया, उनको पीतल चाहिए, वही बार बार भरा जाता है. स्टील सिर्फ सीखनेवालों के लिए. तुम्हारा टब रहेगा. यल्ला, मुंह सीधा करो!"

नोकरीचं ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला खरा, पण पडला तो याच टबात. काउंटर गेलं, बिल्लाही गेला. त्याने मान वर केली तर शेडच्या दारात रुकय्या उभी होती. मागे नदीम कान खाजवत होता. "मी पुढच्या गेटानं नेत होतो रे. पण वास आला म्हणून हीच इकडं वळली."

साहेब हसून सलाम करून गेले. रुकय्या पुढे आली आणि टबावर वाकली. तळाशी लालसर सालं बसली होती.

"ही माझी आमसुलं."

कादिरचं पितळ उघडं पडलं होतं आणि झाकायला हाताशी काही नव्हतं.

"आन् सोलकढी?"

"नाय केली कदी."

"आन् इनचार्ज?"

"ह्याच टबाचा."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग बाजूला कपड्यावर सुकत टाकलेल्या पितळी पुंगळ्यांकडे पाहिलं. शेकडो पुंगळ्या सकाळच्या उन्हात सोन्यासारख्या झळाळत होत्या. तिने एक उचलून डोळ्यांपाशी धरली. कादिरला वाटलं, आता ही रडणार. पण तिचे खांदे हलू लागले ते हसण्याने. हसता हसता ती खाली पालथ्या बादलीवर बसली आणि ओढणीने डोळे पुसू लागली.

"हसतेस काय गो? गावात काय सांगशील आता?"

"सांगंन की! माझ्या आमसुलांबिगर सौदीची बंदूक चालत नाय."

नदीम शेडबाहेर जाऊन हसला. कादिरही हसला, आणि छातीवरचा इतक्या वर्षांचा दगड उतरला तशी त्याच्या डोळ्यांतून टपटप पाणी आलं. रुकय्या उठली. तिने अबायाच्या बाह्या वर सारल्या.

"हात नको घालू, बारुदाचं पाणी हाय," कादिर घाईघाईने म्हणाला.

"मग मोजे द्या की. आन् ही काळी झालेली पयली काडा बगू. माझ्या आमसुलांचं नाव खराब करतील."

बाहेर लाउडस्पीकरवर फॅमिली डेची गाणी वाजत होती, पोरं फुगे फोडत होती. आत नवराबायको टबाच्या दोन बाजूंना बसून पुंगळ्या घासत होती. लग्नानंतर इतका वेळ एकत्र बसून एकच काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

व्हिजिट संपली आणि रुकय्या हर्णैला परत गेली. पुढच्या सुट्टीहून नदीम आला, तेव्हा त्याने कादिरच्या खाटेवर दोन पिशव्या टाकल्या. एकीवर रुकय्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'तुमच्यासाठी.' दुसरीवर, 'पितळासाठी.'

पितळाची पिशवी दुप्पट मोठी होती. कादिरने ती कपाटात नीट ठेवली. मग नारळाच्या दुधाचा डबा फोडला, लहान पिशवीतली मूठभर आमसुलं पाण्यात भिजत टाकली आणि पाणी गुलाबी होईपर्यंत तिथेच बसून राहिला.