लांब बाह्या, आखूड बाह्या

चैत्रातल्या दुपारी डोंबिवलीच्या त्या गॅलरीत कारखान्यांचा उग्र, आंबूस दर्प उतरू लागला की ताई खिडकी लावून घ्यायची आणि फोनच्या निळसर उजेडात चेहरा धरून बसायची. माझी ही थोरली बहीण बोलून संशय घेत नाही. तिचा संशय ग्रीष्मातल्या सावलीसारखा, मुकाट्याने आखडत आखडत वस्तूच्या अगदी मुळाशी जातो.

फोटो ओसाकाहून आला होता, तिच्या एकुलत्या लेकीचा, मुक्ताचा. खाली एवढंच : ‘मैत्रिणीच्या भावाचं लग्न.’

तिथे गेल्यावर पहिल्याच वर्षी मुक्ताने आम्हा दोघींना किमोनोचे प्रकार हौसेनं समजावले होते : उन्हाळ्यातला बिनअस्तराचा, सुती तो युकाता, कुमारिकेचा फुरिसोदे, ज्याच्या बाह्या घोट्यांपर्यंत झुलतात, आणि लग्नानंतर बाह्या आखूड होतात, तो तोमेसोदे. त्यातला काळा, फक्त खालच्या घेराशी फुलं असलेला, लग्नघरच्या विवाहित बायकांनी घालायचा. मी ऐकलं आणि विसरले. ताई विसरली नाही.

या फोटोतला किमोनो काळा होता. बाह्या आखूड.

मी ठाण्याहून गेले की ती चहा द्यायची आणि फोन पुढे करायची. “तुला काय दिसतं?”

“अगं, भाड्याने मिळाला तो घातला असेल.”

ती हसायची नाही.

एका रविवारी माझ्यासमोरच तिने व्हिडिओ कॉल लावला. जेवण, थंडी, ऑफिस सगळं विचारून झाल्यावर अगदी सहज म्हणाली, “मुक्ते, लग्न कुणाचं होतं गं?”

पडद्यावर मुक्ताने मान खाली घातली.

“दिराचं, आई.”

ताईने पदर सारखा केला. “तुझं केव्हा झालं?”

“दोन वर्षं झाली. बाबा आजारी होते. म्हटलं, बरे झाले की सांगू. ते गेले… मग सांगायचं कसं, तेच कळेना.”

आता ही फोन आपटणार, या धास्तीने मी पुढे सरकले. ताईने विचारलं, “काय घातलं होतंस?”

“पांढरा. लांब बाह्यांचा.”

“पाठव.”

फोटो आला. शुभ्र रेशमात मुक्ता, शेजारी एक लाजरा मुलगा, मागे त्याचे आईवडील. ताई कितीतरी वेळ त्या चौघांच्या कडेची रिकामी जागा न्याहाळत राहिली. मग म्हणाली, “घरात असेल तर फोन दे त्याला.”

संशय फिटला, पण जे घडताना आपण तिथे नव्हतो, ते आठवत राहायला माणसाला उरलेलं सगळं आयुष्य लागतं.