तळहाताएवढी जागा

‘‘भावोजी, बाजूला व्हा.’’

‘‘नाही.’’

‘‘मला मशीन फिरवायचंय.’’

‘‘फिरव की. मी काय मशीनवर उभा आहे?’’

ते मशीनवर उभे नव्हते, हे मेहुण्याला मान्य करावं लागलं. ते दातवाल्या डॉक्टरांच्या निळ्या बोटीला पाठ टेकून उभे होते. पुढच्या टोकापासून तीन पावलांवर, उजव्या अंगाला, दोन्ही हात पसरून. दार अडवावं तसे. तिथे दार नव्हतं, एवढाच फरक. सकाळचे साडेनऊ झाले होते. यार्डाच्या छपराखाली लोखंडी घोड्यांवर चढवलेल्या त्या बोटीचं डावं अंग मेहुण्याने कालच चकचकीत करून ठेवलं होतं, आणि उजवं अंग मागून पुढे करत आणता आणता वाटेत आता बहिणीचा नवरा लागला होता.

बहिणीच्या नवऱ्याला यार्डात सगळे आरसेकर म्हणत. हे आडनाव नव्हे, ही पदवी. सव्वीस वर्षं ते फायबरच्या बोटींना मेण लावत होते. बोट पाण्याबाहेर आली की धुवायची, उन्हाने तिच्या रंगाच्या थरावर चढलेली पांढरट भुकटी रबिंगची खरखरीत पेस्ट लावून घासून काढायची, आणि मग मेणाचा हात द्यायचा. एवढंच काम. पण आरसेकरांचा हात फिरला की बोटीत तोंड दिसायचं. शेवटी ते बोटीसमोर वर्तमानपत्र धरत आणि त्यातली उलटी अक्षरं बोटीत वाचून बघत. अग्रलेख पूर्ण वाचता आला की बोट पास. या सवयीने त्यांना उलटं वाचन इतकं साधलं होतं, की घरी सुलटं वर्तमानपत्र हातात आलं की ते थोडे अडखळत.

दीड वर्षापूर्वी बायकोचा धाकटा भाऊ बेकार होता. त्याला यार्डात आणलं आरसेकरांनीच. शिकवलंही त्यांनीच. माणसाच्या हातून चांगुलपणा कसा घडून जातो ते कळत नाही. आता मेहुण्याकडे पॉलिशचं मशीन होतं, गुडघ्यांना बांधायच्या छोट्या गाद्या होत्या आणि आठ खिशांचा एप्रन होता. खिसे आरसेकरांनी मोजले होते. त्यातल्या दोन खिशांत कधीच काही नसायचं. आपल्याला दोन खिसेसुद्धा नाहीत आणि हा माणूस दोन रिकामे घेऊन हिंडतो, या विचाराने त्यांना जेवण जात नसे.

आधी बंदराची गस्तीची बोट मेहुण्याकडे गेली. मग प्रवासी बोटी गेल्या. आरसेकर गप्प राहिले. घरी बायको म्हणायची, ‘‘आमचा धाकटा बघा, चारला घरी. अंगाला वास नाही, काही नाही.’’

आरसेकरांच्या अंगाला सव्वीस वर्षांचं मेण होतं. पावसात भिजून आले तर थेंब नुसते घरंगळून जातात, असं बायकोच सांगायची. पूर्वी हे ती कौतुकाने सांगायची.

निळी बोट मात्र त्यांची होती. पांढरी बोट कुणीही चमकवतो. गडद निळीवर केसाएवढा ओरखडा लपत नाही. चौदा वर्षं त्या बोटीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. आणि यंदा डॉक्टर सहज म्हणाले, ‘‘या वेळी मेहुण्याला देऊ म्हणतो. तेवढाच तुमच्या खांद्याला आराम.’’

‘‘माझा खांदा ठणठणीत आहे.’’

‘‘अरे वा, छान,’’ डॉक्टर म्हणाले, आणि विषय संपला. याहून बरं उत्तर काय देता आलं असतं, याचा विचार आरसेकर पुढे तीन दिवस करत होते. एकंदर नऊ उत्तरं सुचली. पण डॉक्टर पुन्हा खांद्यावर आलेच नाहीत.

आता त्या जागेविषयी.

बोट धक्क्याला लागली की डॉक्टर पाहुण्यांना नेमके उजव्या अंगाला, पुढून तीन पावलांवर उभे करत आणि म्हणत, ‘‘बघा, केस विंचरून घ्या.’’ हे कळल्यापासून आरसेकर दरवर्षी तिथे रबिंगचा एक हात जास्त मारू लागले. मग दोन. कधी काम नसतानाही, येता-जाता, प्रेमाने. दोन वर्षांपूर्वी मेण पुसताना त्यांना दिसलं, की तळहाताएवढा निळा रंग जरा फिका पडलाय. पँटचा गुडघा विरतो तसा. घासून घासून रंगाचा थर तिथे कागदासारखा उरला होता. तेव्हापासून त्या जागेला त्यांनी रबिंग दाखवलं नव्हतं. नुसतं मेण, तेही हाताने आणि जाड. ही गोष्ट जगात एका माणसाला माहीत होती.

तिथे मशीन अर्धा मिनिट जरी टेकलं असतं, तरी खालचा पांढरा फायबर बाहेर आला असता.

म्हणजे आरसेकरांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. कित्येक महिन्यांनी काल त्यांना गाढ झोप लागली. सकाळी त्यांनी आरशासमोर ‘अरेरे’ असा चेहरा करून पाहिला. जमला. मग इस्त्रीचा शर्ट घातला, यार्डात येऊन निळ्या बोटीसमोर स्टूल टाकलं आणि एखाद्या कार्यक्रमाला बसावं तसे बसले. मशीन घरघरत पुढे सरकू लागलं. बारा फूट. आठ फूट. मेहुण्याचा चेहरा नीट दिसेल अशीच जागा त्यांनी धरली होती, पण आपण चेहऱ्याकडे बघतच नाही आहोत, बोटीकडे बघतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर त्यांच्या लक्षात आलं ते एकदम हे, की आपण बोटीला पाठ लावून उभे आहोत. मधली पावलं कुणी टाकली कुणास ठाऊक.

‘‘आरसेकर,’’ शेजारच्या बोटीखालून आवाज आला. बोटींचे तळ रंगवणारी बाई तिथे उताणी पडून काम करत होती. यार्डात तिला तळवाली म्हणत. ‘‘बोट पडतेय का? नाही, टेकू दिलाय म्हणून विचारलं.’’

‘‘तुम्ही तुमचा तळ बघा.’’

‘‘तळच बघतेय. जळल्याचा वास येतोय इथपर्यंत.’’

‘‘तुमच्या रंगाचा वास आहे तो.’’

‘‘माझा रंग ओला आहे हो. जळताय ते तुम्ही.’’

मेहुण्याने फोन काढला आणि सरळ बहिणीला लावला. स्पीकरवर.

‘‘अहो, तुम्ही माझ्या भावाच्या कामात बोटीला टेकून उभे आहात म्हणे?’’

‘‘हो.’’

‘‘का?’’

‘‘पाठ दुखतेय.’’

‘‘मग घरी भिंती नव्हत्या का?’’

घरी भिंती होत्या. चार खोल्यांच्या मिळून बऱ्याच होत्या.

‘‘त्याचं चांगलं चाललंय ते बघवत नाही तुम्हाला, दुसरं काही नाही,’’ बायको म्हणाली. ‘‘आणि डबा वेळेवर खा.’’

अकराच्या सुमाराला डॉक्टर आले. दोन पेशंटच्या मधल्या वेळात आले होते. गळ्यात मास्क तसाच होता. त्यांनी बोट पाहिली, आरसेकर पाहिले, मेहुणा पाहिला.

‘‘काय भानगड आहे?’’

‘‘इथे मशीन चालणार नाही,’’ आरसेकर म्हणाले.

‘‘का?’’

आरसेकरांनी तोंड उघडलं. चौदा वर्षं, डॉक्टर. मीच घासली. तुमच्या पाहुण्यांसाठी. एवढंच म्हणायचं होतं. पण तोंड उघडंच राहिलं, आणि डॉक्टर सवयीने वाकून आत बघू लागले.

‘‘आ करा. अजून. अजूनही जोरात घासता ना? दहा वर्षं सांगतोय. दात स्वच्छ आहेत हो तुमचे, तक्रार नाही. पण वरचा थर पार पातळ केलात. एकदा गेला की परत येत नाही तो.’’

आरसेकरांनी तोंड मिटलं. पाठीमागची जागा शर्टातून पोळल्यासारखी वाटली.

‘‘हे बघ,’’ डॉक्टर मेहुण्याला म्हणाले, ‘‘वयाचा मान ठेव. यांना वगळून बाकीची करून घे. दमले की सरकतील.’’ मग आवाज न उतरवता म्हणाले, ‘‘मत्सर आहे, दुसरं काय. मी समजू शकतो. माझ्या समोरच्या गल्लीतसुद्धा नवीन दवाखाना निघालाय.’’ आणि ते गेले.

मेहुण्याने त्यांना वगळून बाकीची केली.

‘‘भावोजी, हात जरा जवळ घ्या.’’

‘‘घे.’’

‘‘मान सरळ.’’

‘‘सरळच आहे. जन्मापासून.’’

मशीन कानाजवळून गेलं, काखेखालून गेलं, दोन पायांच्या मधून गेलं. बोट थरथरत होती आणि तिच्याबरोबर आरसेकरही. दातांवर दात वाजत होते. तळवाली कोपरावर रेलून बघत होती आणि अधूनमधून ‘‘कानामागे राहिलं बघ’’ अशा सूचना करत होती. आरसेकर समोर बघत राहिले. मेहुण्याचा हात किती हलका पडतो, मशीन कसं सपाट धरतो, कड आली की वेग कसा कमी करतो, हे त्यांना बघायचं नव्हतं. पण इतक्या जवळून न बघता येत नव्हतं. शिकवलं होतं त्याहून त्याला चांगलं येत होतं. हे कळलं, आणि सबंध सकाळभरात पहिल्यांदाच त्यांना बसावंसं वाटलं.

जेवणाची सुट्टी झाली. तळवाली हात धुवायला गेली. मेहुण्याने मशीन बंद केलं आणि तो समोरच्या स्टुलावर बसला.

‘‘बोला आता.’’

आरसेकर बाजूला झाले. वळले. बोटीवरच्या त्या जागेवर त्यांनी तळहात ठेवला, मग उचलला.

मेहुणा पुढे आला. आधी लांबून बघितलं, मग जवळून, मग नख न लावता बोटाच्या पेराने चाचपलं.

‘‘ही कुणी केली?’’

‘‘मी.’’

‘‘कधी?’’

‘‘चौदा वर्षं.’’

मेहुण्याने बंद करून ठेवलेल्या मशीनकडे पाहिलं. ‘‘म्हणजे मी मशीन लावलं असतं तर...’’

‘‘पांढरी.’’

‘‘आणि नाव माझं गेलं असतं.’’

‘‘तुझंच.’’

‘‘मग मध्ये का आलात?’’

‘‘मला काय माहीत,’’ आरसेकर चिडून म्हणाले. ‘‘मी बघायला बसलो होतो. इस्त्रीचा शर्ट घालून.’’

मेहुण्याला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. आरसेकरांना त्याचाही राग आला. हसू आवरता येणंसुद्धा या पोराला जमतं.

‘‘नीट ऐक,’’ ते म्हणाले. ‘‘पुढच्या वर्षी इथे मशीन आणायचं नाही. रबिंग तर नावालाही नाही. जुन्या बनियनचा तुकडा, धुऊन धुऊन मऊ झालेला. मेण बोटाने घ्यायचं. गोल फिरवायचं नाही, लांबीने ओढायचं. वाळून पांढरं दिसायला लागलं की लगेच पुसायचं, तेव्हा गप्पा मारत बसायचं नाही. आणि दर तीन महिन्यांनी धक्क्यावर जाऊन एक हात द्यायचा. डॉक्टर बोलावणार नाहीत. आपणच जायचं.’’

‘‘दर तीन महिन्यांनी. लांबीने. बनियन,’’ मेहुणा म्हणाला.

‘‘मऊ झालेला.’’

‘‘मऊ झालेला.’’

आता ही गोष्ट जगात दोन माणसांना माहीत होती. आरसेकरांना उगाच हात रिकामे झाल्यासारखे वाटले.

‘‘डॉक्टरांना काय सांगू?’’

‘‘आरसेकरांनी घासून पातळ केली, म्हणून सांग. माझं नाव घेऊन सांग. नाहीतर पुढे तुझ्यावर येईल.’’

मेहुण्याने मान डोलावली. मग तो चार पावलं मागे गेला आणि बोटीकडे बघत थांबला. आरसेकरही मागे आले.

मागच्या टोकापासून पुढपर्यंत बोट पाण्यासारखी निळी चमकत होती. फक्त पुढच्या बाजूला, गुडघ्यांपासून डोक्यापर्यंत, हात थोडे पसरलेला एक मळकट, भुकटीचा माणूस उभा होता. जरा वाकलेला. त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता. आरसेकरांनी नकळत आपला खांदा वर घेतला.

‘‘भावोजी, एवढं राहिलं,’’ मेहुणा म्हणाला. ‘‘तुम्ही करता?’’

आरसेकरांनी आपला डबा उघडला. जेवणाचा नव्हे, मेणाचा. गुडघ्यांपासून सुरुवात केली. हलकं रबिंग, पुसणं, मेण. पाय गेले. कंबर गेली. पाठीच्या मधल्या जागेला नुसतं मेण लावलं, लांबीने ओढून, आणि पांढरं दिसताच पुसून घेतलं. मग एक हात पुसला, मग दुसरा. खाली आलेला खांदा पुसला. डोकं तेवढं राहिलं, तेव्हा क्षणभर थांबून त्यांनी फडकं उलटं केलं, कोरडी बाजू वर घेतली आणि तेही पुसून टाकलं.

बोट एकसारखी निळी झाली. तिथे सकाळपासून कुणी उभं होतं, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.