तव्यावरचा पहिला टोस्ट

कारखान्याच्या फाटकासमोर दोघी जावांचं चहा-टोस्टचं दुकान होतं. थोरली तव्याशी बसायची, धाकटी चहाशी. नवरे होते तेव्हाही दुकान याच दोघी चालवायच्या. नवरे गेले तेव्हा गिऱ्हाइकांना दोन खुर्च्या मोकळ्या झाल्या, एवढाच काय तो फरक, असं थोरली कुणाही समोर बोलून दाखवायची. तिच्या तोंडाला फाटक नव्हतं, ते समोर कारखान्याला होतं.

सासूने घालून दिलेला एक शिरस्ता दुकानात चालत आला होता. शटर उघडण्याआधी तव्यावरचा पहिला टोस्ट धाकटीने खायचा. थोरलीच्या हातात कसब होतं, पण जिभेला चवीचा पत्ता नव्हता. धाकटीचं नेमकं उलट. धाकटीने टोस्ट चांगला झालाय म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ती चावायची, जरा वेळ छताकडे बघायची आणि म्हणायची, "जरा कमी भाजलाय." हे ऐकलं की थोरली आच वाढवायची, दोन शब्द सुनावायची आणि शटर वर ढकलायची.

तवा बिडाचा, सासूच्या वेळचा. काळा कुळकुळीत, आरशासारखा. त्याला साबण कधी लागला नव्हता आणि लागायचाही नव्हता. दिवस संपला की थोरली त्यावरून लोण्याचा बोळा फिरवायची, बस. टोस्टला जी चव येते ती ब्रेडची नव्हे, या तव्याची, असं तिचं ठाम मत. थोरलीच्या नव्या सुनेने एकदा तो घासायला घेतला होता. ती सून त्यानंतर बरेच दिवस दुकानाकडे फिरकली नाही.

धाकटीचं पोट फार दिवस बिनसलेलं होतं. खाल्लं की फुगायचं, दुखायचं, अंगाला लागायचं नाही. थोरली आणि सून तिला आल्याचा काढा आणि टोमणे आलटून पालटून द्यायच्या, म्हणजे काढा सून द्यायची. शेवटी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गव्हात ग्लूटेन म्हणून एक चिकटपणा असतो, तो या पोटाला सोसत नाही. गहू जन्माचा बंद.

"टोस्टच्या दुकानात गहू बंद," थोरली म्हणाली, "म्हणजे माशाला पाणी बंद."

त्या आठवड्यात पहिला टोस्ट सून खाऊ लागली. ती तोंड भरून म्हणायची, "छान झालाय." थोरलीला या छानचा काही उपयोग नव्हता. फाटकातले लोक अर्धा टोस्ट बशीत ठेवून उठायला लागले. आणि एका दुपारी धाकटीने कपाटावरची बॅग खाली काढली. लेकीने बोलावलंय म्हणाली. इथे बसून मी कुणाच्या काय कामाची, हेही म्हणाली, पण ते बॅगेच्या चेनकडे बघत.

थोरलीने उत्तर दिलं की चहा उकळायला काय, कुणीही मिळेल. दुसऱ्या दिवशी चपला घालून ती न सांगता बाहेर पडली.

बिनग्लूटेनचा ब्रेड मिळतो हे तिला औषधाच्या दुकानदाराने सांगितलं. तो मोठ्या दुकानात, प्लास्टिकमध्ये, थंड कपाटात निघाला. तव्यावर टाकला तर उलटताना त्याचा भुगा झाला. दुसरा तांदळाच्या पिठाचा. तो कितीही भाजा, पांढराफटक तो पांढराफटक, वरून दगड आणि आतून ओला चिखल. तिसऱ्याला रंग चांगला आला, पण त्यात साखर इतकी की टोस्ट व्हायच्या आत कोळसा. रोजच्या बेकरीवाल्याने एक आपल्या हाताने करून आणला. तो बघून थोरलीने विचारलं की हा खायचा की दाराला लावायचा. धाकटी प्रत्येकाचा घास घ्यायची, छताकडे बघायची आणि बशी सरकवायची. बॅग भिंतीशी तशीच उभी होती.

शेवटी कळलं की मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, एक शिकवणीवाली बाई स्वतःपुरता असला ब्रेड भाजते. तिलाही हाच आजार. तिच्या घरात गव्हाचा कण येत नव्हता. बाईने एक पाव दिला आणि रीत सांगितली: आदल्या दिवशी पातळ कापायचा, तुकडे वाऱ्यावर उघडे ठेवायचे, एकदा मंद आचेवर भाजून गार करायचे, मग पुन्हा भाजायचे. थोरली निघाली तशी ती दारात म्हणाली, "भांडी वेगळी ठेवता ना?"

थोरलीला हे लागलं. आमच्या घरची भांडी लख्ख असतात, तिने सुनावलं, तुमच्यासारखी सिंकमध्ये भिजत पडत नाहीत. आणि जिना उतरली.

त्या ब्रेडचा टोस्ट झाला. रंग बदामी, कडा कुरकुरीत, सुरी फिरवली की खरखर आवाज. धाकटीने पहिला घास घेतला, वर बघितलं.

"जरा कमी भाजलाय."

थोरलीने शटर इतक्या जोरात वर केलं की समोरचा पहारेकरी दचकला. बॅग कपाटावर गेली.

पण संध्याकाळपर्यंत धाकटी पोट धरून आडवी. तिसऱ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच. सकाळी मात्र ती निमूट येऊन टोस्ट खायची. थोरलीने हिशेब मांडला तो असा, की बाईने फसवलं. ती पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेली आणि दारातूनच म्हणाली की तुमच्या ब्रेडमध्ये गहू आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला. बाईने शांतपणे त्याच पावाचा तुकडा मोडला आणि तिच्यासमोर खाल्ला.

"भाजता कशावर?"

"आमच्या तव्यावर. दुसरं कशावर?"

"आणि त्या तव्यावर दिवसभर काय भाजता?"

थोरली जिन्याच्या कठड्याला धरून खाली आली. दुकानात तवा गार पडला होता. तिने बोट फिरवलं. बोटाला लोणी लागलं, आणि लोण्यात बारीक बारीक चुरा. कालचा, परवाचा, सासूच्या वेळचाही असेल.

धाकटी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तुला ठाऊक होतं?" थोरलीने विचारलं.

"डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तवासुद्धा वेगळा हवा म्हणून."

"मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"जाऊबाई, त्या तव्याला साबण लावा म्हटलं असतं, तर तुम्ही आधी मला घासलं असतं."

थोरली म्हणाली की ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई तिने आयुष्यात एकच पाहिली. आणि बाहेर गेली. तव्याला साबण तिने तेव्हाही लावला नाही. फाटकातल्या लोकांनी काय खायचं मग.

दुसऱ्या सकाळी चहाच्या बाजूला, तव्यापासून लांब, एक नवा विजेचा टोस्टर ठेवलेला होता. ब्रेड उडवणारी डबी, असं म्हणून थोरली ज्याची आजवर टिंगल करत आली, तोच. त्यावर तिने एक स्वच्छ फडकं झाकलं होतं आणि सुनेला बजावलं होतं की तव्याचा हात त्याला लागला तर हात ठेवणार नाही. तिने स्वतः साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, मग तुकडे आत टाकले, बाहेर काढले, गार केले, पुन्हा टाकले. डबीने खटकन् टोस्ट वर उडवला तेव्हा ती दचकली आणि डबीला शिवी दिली.

मग तव्यावरचा गव्हाचा टोस्ट तिने स्वतः चावला. चव काही कळेना. तिने तो धाकटीच्या कानाजवळ धरला आणि कड मोडली. कर्र.

धाकटीने आपला टोस्ट चावता चावता तो आवाज ऐकला. छताकडे बघितलं.

"तुमचा जरा कमी भाजलाय," ती म्हणाली. "माझाही."

थोरलीने आच वाढवली, दोन शब्द सुनावले आणि शटरला हात घातला.