कुर्डूचे तुरे

उर्वशीने श्वास रोखला, बटण दाबलं आणि पडद्यावर पाहिलं. कुर्डूचा गुलाबी तुरा स्वच्छ. त्यावरच्या निळ्या पट्ट्यांच्या मधमाशीच्या जागी नुसता धूसर डाग. सकाळपासूनचा शंभरावा तरी असेल.

सड्यावरचा, त्या उघड्या कातळमाळावरचा वारा हात धुऊन तिच्या मागे लागला होता. तुरा थांबला की माशी उडायची, माशी टेकली की तुरा डोलायचा. कणकवलीच्या कॉलेजातले तिचे सर तर एकाच वाक्यावर अडून बसलेले: निळे पट्टे मोजता येतील असा फोटो नसेल, तर नोंद नाही. आणि प्रकल्प आज रात्रीपर्यंत पाठवायचा होता. दोन महिन्यांची पायपीट एका बोटभरही नसलेल्या माशीपायी पाण्यात जाणार, या विचाराने ती रडकुंडीला आली होती.

उन्हं कलली तशी ती बॅटरी बदलायला दूर रस्त्यावर लावलेल्या स्कूटरपाशी गेली. परतली तर कुर्डूचं रान भुईसपाट. खालच्या वाडीतली आनंदीबाई कोयती बाजूला ठेवून तुऱ्यांची मोळी बांधत होती.

रागाच्या भरात घरची मालवणी विसरून उर्वशीच्या तोंडी थेट कचेरीतली मराठी आली.

"आजी, हे काय केलंत तुम्ही? मी दिवसभर इथे काम करतेय. कळत कसं नाही तुम्हाला?"

"उद्या दसरो मगे. दारार नव्या पिकाचा तोरण बांदूचा आसा. भाताच्या लोंबीवांगडा कुर्डू नको?"

"म्हणून सगळं कापायचं?"

"सगळा खंय कापलंय?" आनंदीबाईने हनुवटीने दाखवलं. "तो बघ, एक ठेवलंय. तेच्यार माशी निजली आसा. निजलेल्याक कोण उठवता गो?"

उर्वशी वळली. उरलेल्या एकुलत्या तुऱ्याला जबड्याने घट्ट धरून माशी झोपली होती. या माश्या संध्याकाळी अशा झोपतात, हे तिने वाचलं होतं. थांबून पाहिलं मात्र कधी नव्हतं.

आजूबाजूचा आडोसा गेल्याने तुरा जास्तच हलत होता. तिने कॅमेरा उचलला, पुन्हा खाली घेतला.

"आजी," ती हळूच म्हणाली, "जरा वाऱ्याआड बसशात?"

आनंदीबाई मोळी टाकून बसली, पदर पसरून धरला. तुरा थांबला.

"तिका उठवशीत नाय मा?"

"नाय ओ."

उर्वशीने फ्लॅश काढून पिशवीत टाकला आणि उरलेल्या उजेडात श्वास रोखला.