पंधरा मीटर दगड

ढकलगाडीचं पुढचं चाक दारातल्या लोखंडी पट्टीत अडकलं आणि वरच्या तिन्ही पेट्या एकापाठोपाठ एक खाली आल्या. पहिली तिने पोटाने अडवली, म्हणून ती तेवढी सावकाश पडली. उरलेल्या दोघींनी तसा काही मुलाहिजा ठेवला नाही. शेडच्या सिमेंटच्या जमिनीवर दगडाचे गोल दांडके खडखडत चहूकडे पांगले. दोन थेट भिंतीपर्यंत गेले. एक टेबलाखाली जाऊन स्वतःभोवती फिरत राहिला आणि मग थांबला.

ती तशीच गुडघ्यांवर बसली. हातात आलेला पहिला तुकडा तिने उलटून पाहिला. करडा, मनगटाएवढा जाड, दोन्ही टोकांना तुटलेला. तो बेचाळीस मीटर खोलीवरचा होता की पंचावन्न, हे सांगणारी एकही खूण त्याच्यावर नव्हती. खुणा करण्यासाठीच तर ती पेट्या टेबलाकडे नेत होती. खोलीचे आकडे लिहिलेल्या लाकडी चकत्या पेट्यांत रांगांच्या मधे ठेवलेल्या असत. त्याही आता दगडांबरोबर लोळत होत्या.

शहराखालून बोगदा जाणार होता. त्यासाठी पोकळ नळी फिरवत जमिनीत खोल न्यायची आणि आतला दगड काकडीसारखा सबंध वर काढायचा. मग तो वरून खाली आला तसाच क्रमाने पेट्यांत मांडायचा, की जमिनीच्या आत काय आहे ते पुस्तकासारखं वाचता येतं. ते वाचणं हे तिचं काम. चार वाजता बोगद्याचे मुख्य इंजिनिअर येणार होते. आणि आज त्याच पुस्तकाची पंधरा मीटर पानं पत्त्यांसारखी पिसली गेली होती. तेवढ्यासाठी पुन्हा भोक पाडायचं म्हणजे तीन आठवडे.

"इथे आमची खडी कामाला आहे का?"

दारात वडील उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात तीन कप्प्यांचा डबा. येणार असल्याचं त्यांनी कळवलं नव्हतं. त्यांनी पस्तीस वर्षं विंधनविहिरी खोदल्या होत्या, आणि लहानपणी खोदकामावर त्यांच्याबरोबर हिंडून फ्रॉकचे खिसे दगडांनी भरणाऱ्या या मुलीचं 'खडी' हे नाव त्यांच्या माणसांनीच पाडलं होतं. आज ती त्याच नावाची दिसत होती. केसांपासून कोपरापर्यंत धूळ.

तिने काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. एकदा बोलताना आवाज चिरकला. वडिलांनी डबा खिडकीत ठेवला, चपला दाराबाहेर काढल्या, बाह्या दुमडल्या आणि जमिनीवर मांडी घातली.

बराच वेळ त्यांनी फक्त एक दांडका मांडीवर घेऊन त्यावरून अंगठा फिरवला.

"सबंध दगड कधी बघितलाच नव्हता," ते म्हणाले. "आमच्याकडे भोकातून यायचं ते पीठच."

ते खरंच होतं. त्यांच्या यंत्राची हातोडी दगड कुटत खाली जायची आणि वारा तो चुरा वर फेकायचा. त्या चुऱ्याच्या रंगावरून आणि यंत्राच्या आवाजावरून खाली काय आहे ते त्यांना कळे, आणि ते क्वचितच चुकत. पण ज्या दगडावर सगळा जन्म गेला, त्याचं तोंड ते आज पहिल्यांदा पाहत होते. ते त्यांच्या चेहऱ्यावर इतकं उघड लिहिलेलं होतं, की चार वाजताची धास्ती असूनही खडीला हसू आलं.

दोघं कामाला लागले. एकाचं खालचं टोक दुसऱ्याच्या वरच्या टोकात बसतं का ते पाहायचं. तुटलेल्या कडा खोटं बोलत नाहीत. बरोबर जोड सापडला की बारीकसा टक् आवाज येतो आणि दोन तुकड्यांमधली फट नाहीशी होते. पहिला टक् तिने मिळवला, दुसरा वडिलांनी. मग वडिलांनी लागोपाठ पाच. ते डोळ्यांनी शोधतच नव्हते. टोकावर बोट फिरवायचे, तो खड्डा आणि उंचवटा बोटात धरून ठेवायचे आणि ढिगातून नेमका सोबती उचलायचे.

"मी काय म्हणतो," ते मधेच म्हणाले.

खडीने मान वर केली नाही. हे आज ना उद्या येणार हे तिला माहीत होतं. 'दगड मोजायची नोकरी' हा शब्द त्यांचाच. घराजवळच्या कचेरीत बदली माग, हा धोशाही त्यांचाच. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि घरात ते एकटे होते. तेव्हा त्यांचं तसं म्हणणं तिला चूक वाटत नसे, फक्त जड वाटे.

"काय?"

"काही नाही. तो तुझ्या गुडघ्याजवळचा दे."

एक वाजता त्यांनी बळेच तिला जेवायला बसवलं. डब्यातल्या तिन्ही कप्प्यांत वेगळं काहीतरी होतं आणि तिन्ही चवीचं होतं. ज्या माणसाच्या हातून साधं दूधही उतू जातं त्याला हा डबा कुणी दिला, असं तिच्या मनात आलं. शेजारून आला असेल, असं उत्तरही आलं, आणि तिची नजर पुन्हा ढिगाकडे गेली. वडील एका रोपवाटिकेची गोष्ट सांगत होते. तिथल्या विहिरीचं काम बारा वर्षांपूर्वीचं. दोनशे फुटांवरही भोक कोरडं, म्हणून यांनी यंत्र बंद केलं, आणि रोपवाटिकेच्या बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, अजून वीस फूट. यांनी समजावलं, बाई ऐकेनात. अठराव्या फुटाला पाणी लागलं आणि ते यांच्याच अंगावर उडालं. ही गोष्ट खडीने गेल्या दोन महिन्यांत फोनवर तीनदा ऐकली होती. ती तरीही हसली, कारण पाणी अंगावर उडालं म्हणताना वडील दर वेळी मान मागे घेत.

जेवणानंतर काम अडलं. वडिलांनी एका बाजूला बुडबुड्यांचा दगड जमवला होता. भोकाभोकांचा, भोकांत पांढरे स्फटिक भरलेले. तो सगळा त्यांनी पहिल्या पेटीत, सर्वांत वर मांडला. त्याखाली घट्ट काळाकरडा. आणि अगदी तळाला, उरल्यासुरल्यासारखा, विटकरी लाल तुकड्यांचा गठ्ठा.

"हे असं नाही, बाबा."

"मऊ वर, कठीण खाली. पस्तीस वर्षं हेच बघितलंय. लाल कुठे धरायची ते कळेना, म्हणून तळाला."

तिने वाद घातला नाही. ढिगातून एक तुकडा शोधून त्यांच्या हातात दिला. त्याच्या एका अंगाला बुडबुडे होते आणि दुसऱ्या टोकाला लाल माती चिकटलेली होती. मग तिने सावकाश सांगितलं. हा सगळा दगड एके काळी जमिनीच्या पोटातून आलेला तप्त रस. तो पसरला की त्यातला वायू वर येतो, दुधावर फेस येतो तसा, आणि फेस निघून जाण्याआधीच वरचा भाग थिजतो. म्हणून बुडबुडे असतात तो त्या रसाचा माथा. इथे बुडबुडे लाल मातीला लागून आहेत, म्हणजे लाल माती या माथ्यावर बसलेली. आणि त्या मातीवर पुन्हा काळा दगड आहे, म्हणजे रस दोनदा आला.

"मग ही लाल मधे कुठून आली? ही लागली की आम्ही शिव्या घालायचो. हातोडी रुतून बसायची."

"पहिला रस थंड झाला आणि तसाच पडून राहिला. ऊन, पाऊस, वारा. माथ्याचा दगड कुजून कुजून त्याची माती झाली. मग कधीतरी दुसरा रस येऊन तिच्यावर पसरला."

वडिलांनी लाल तुकडा तळहातावर घेतला. पालथी बादली ओढून त्यावर बसले.

"म्हणजे ही जमीन होती," ते म्हणाले. "उघडी."

"हो."

"मधे किती वर्षं गेली असतील?"

तिने सांगितलं की नेमकं कुणी सांगू शकत नाही, पण हाताचा पसा भरेल एवढी माती व्हायलासुद्धा माणसाचा जन्म पुरत नाही, आणि हा थर मीटरभराचा होता. वडील त्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिले. आपण आयुष्यभर अशा किती जमिनींतून आरपार गेलो, याचा ते हिशोब करत असावेत. मग ते उठले आणि त्यांनी स्वतः मांडलेल्या पेट्या स्वतःच रिकाम्या केल्या.

त्यानंतर कुठे अडलं नाही. वर सात मीटर काळा, मग लाल, मग बुडबुडे, मग पुन्हा काळा. शेवटचा टक् झाला तेव्हा साडेतीन वाजले होते, आणि जमिनीवर फक्त धूळ उरली होती.

इंजिनिअर आले तेव्हा खडीने आधी पेट्या पडल्याचंच सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. इंजिनिअरांनी चष्मा लावून एकेक जोड तपासला, वाटेल तिथून तुकडे उचलून पुन्हा बसवून पाहिले आणि शेवटी विचारलं, ही लाल माती पाणी लागल्यावर फुगते ना. ती म्हणाली, फुगते आणि ढासळते. मग बोगदा तिच्याखाली घट्ट दगडात उतरवायचा, असं ठरवून त्यांनी सही केली. जाताना ते वडिलांना म्हणाले, तुमचा हात चांगला आहे.

"क्रम तिने लावला," वडील म्हणाले. "मी उलटा लावला होता."

गाडीचा आवाज दूर गेला. खडी पाण्याची बाटली घेऊन उंबऱ्यावर बसली. इतकं हलकं तिला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. वडील चपला घालायला बाहेर आले, पण एकच घालून थांबले.

"मी काय म्हणतो."

"बदलीचं ना? म्हणा, बाबा. आज काहीही म्हणा."

"बदली नाही." त्यांनी दुसरी चप्पल पायाने सरळ केली. "त्या बाई आहेत ना. रोपवाटिकेच्या."

"वीस फूटवाल्या."

"हं." ते फाटकाकडे पाहत होते. "आम्ही दोघांनी विचार केलाय. म्हटलं मी त्यांना, तुला विचारल्याशिवाय नाही."

खडीला कळायला क्षण लागला. मग एकदम सगळंच कळलं. डबा, शर्टाची इस्त्री, फोनवर तीनदा ऐकलेली गोष्ट. छातीत काहीतरी दुखलं, आईच्या नावाचं, आणि ते दुखत असतानाच तिला दिसलं की एवढा मोठा माणूस एका पायात चप्पल घालून, निकाल लागायचा असल्यासारखा आपल्यासमोर उभा आहे.

"तुम्ही सकाळी हे सांगायला आलात?"

"तू दगडात होतीस."

तिने विचारलं, बाई कुठे आहेत. वडिलांनी हनुवटीने फाटक दाखवलं. बाई त्यांच्याबरोबरच आल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, तुमचं बोलून होऊ दे, मी तोवर तलावाकडची बाग बघून येते. जमलं तर हाक मारा, नाही जमलं तर माझी सहल झाली. दुपारपासून त्या पहारेकऱ्याच्या खोलीबाहेर बसून होत्या.

"चार तास, बाबा?"

"तीन," ते अपराध्यासारखे म्हणाले.

खडीने नळावर हात धुतले, तोंड धुतलं, आणि वडिलांना तिथेच उभं ठेवून फाटकाकडे चालू लागली.

बाई बुटक्या, रुंद, उन्हाने रापलेल्या होत्या. पहारेकऱ्याच्या सुकत चाललेल्या कुंडीतली माती त्या काडीने उकरत होत्या आणि पहारेकरी शाळेतल्यासारखा ऐकत होता. खडीला पाहून त्या उठल्या. घाईघाईने हात पदराला पुसले, मग पुसून काही उपयोग नाही हे बघून तसेच राहू दिले.

"झालं का गं काम?" त्यांनी विचारलं. "पहारेकरी सांगत होते, पेट्या पडल्या म्हणून. मग मी आले नाही आत. म्हटलं, निस्तरू दे आधी."

रागावायचं ठरवून आली असती तरी खडीला जमलं नसतं. ती म्हणाली, चला, दाखवते.

शेडमध्ये बाई पेट्यांच्या कडेकडेने चालल्या. काळ्या दगडापाशी थांबल्या नाहीत, बुडबुड्यांपाशी थोड्या थांबल्या. लाल थराशी आल्यावर मात्र खाली बसल्या आणि परवानगी मागितल्यासारखं वर पाहिलं. खडीने मान हलवली. वडील काही सांगण्यासाठी पुढे सरकले, तिने हातानेच त्यांना थांबवलं.

बाईंनी लाल थराच्या खालच्या टोकाचा एक तुकडा घेऊन त्यावर नख ओढलं. ओरखडा उठला. वरच्या टोकाच्या तुकड्यावर ओढलं. नख घसरलं. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं.

"माती आहे ही," त्या म्हणाल्या. "पण वरच्या अंगाने भाजलीय. कुंडी भाजतात तशी. हिच्यावर काहीतरी तापलेलं येऊन पडलं असणार."

वडील छताच्या पत्र्याकडे पाहू लागले. त्यांचे कान लाल झाले होते, आणि ओठ आवळून धरले असले तरी हसू मावत नव्हतं.

खडी टेबलाशी गेली. इंजिनिअरांची सही झाली असली तरी थरांचं वर्णन अजून तक्त्यात भरायचं होतं. तिने पेन उघडलं, लाल थराच्या रकान्यात लिहिलं, वरचा भाग भाजलेला, नखाने ओरखडा उठत नाही. मग पालथी बादली बाईंच्या दिशेने सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "आणि खालचा भाग?"

बाईंनी उंबऱ्यावरच्या बाटलीतलं थोडं पाणी बोटांवर घेऊन लाल चुरा चोळला, नीट चोळला, घाई केली नाही.

"ओली झाली की साबणासारखी लागते," त्या म्हणाल्या.

खडीने तेही लिहिलं.